करड्यातला हिरवा

कोल्हापुरात आणि आसपासच्या तीन-चार जिल्ह्यांत फोटो छापून घेणारा माणूस प्रिंट हातात घेतला की आधी विचारायचा, "प्रोफाइल इंगवल्यांची ना?" हो म्हटलं की पुढचं काही तपासायचा नाही. भालचंद्र इंगवल्यांची राजारामपुरीत लॅब होती. वयाच्या अठराव्या वर्षी ते एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत कृष्णधवल फोटो धुवायला लागले, आणि चौसष्टाव्या वर्षीही रोज सकाळी नऊला लॅबचं शटर स्वतः उघडत होते.

प्रिंटर हा मुळात थापाड्या असतो, असं ते नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. त्याला जास्वंदीचा लाल सांगा, तो एका कागदावर विटकरी देईल, दुसऱ्यावर गुलाबी. उपाय एकच, त्याची थाप मोजायची. दीड-दोन हजार रंगीत चौकटींचा तक्ता त्याच कागदावर, त्याच शाईनं छापायचा, नीट वाळू द्यायचा आणि वर्णमापक यंत्रानं एकेक चौकट मोजायची. मागितलं काय आणि मिळालं काय, त्या फरकाचं कोष्टक म्हणजे प्रोफाइल. पुढच्या वेळी लाल मागितला की प्रिंटर आधी कोष्टकात बघतो आणि शाईचं प्रमाण बदलतो.

सगळ्यांत अवघड कृष्णधवल. करडा रंग तीन-चार शायांच्या तोलावर उभा असतो. तोल केसभर ढळला तरी करडा हिरवट होतो नाहीतर जांभळट. लाल थोडा चुकला तर चालून जातो, करडा चुकला की फोटोतला माणूस आजारी दिसतो.

यात एक गोम होती. वर्णमापक प्रकाश मोजतो. त्या प्रकाशाला माणूस कुठला रंग म्हणेल हे ठरवण्यासाठी हिशेबात एक 'सरासरी माणूस' धरलेला असतो, आणि तो शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात तपासलेल्या सतरा जणांच्या डोळ्यांवरून बनवला आहे. भालचंद्र हे गमतीनं सांगायचे आणि पुढं म्हणायचे, "त्या सतरांत कोल्हापूरचा कोणी नव्हता. म्हणून शेवटचा हात माझा."

हा शेवटचा हात म्हणजे त्यांची ख्याती. यंत्राची प्रोफाइल तयार झाली की ते उत्तरेच्या खिडकीत प्रिंट धरायचे, बराच वेळ बघायचे आणि करड्याचा तोल स्वतःच्या नजरेनं बदलायचे. यंत्राचा करडा त्यांना नेहमी थोडा तांबूस वाटायचा. तो तांबूसपणा ते काढून टाकायचे. फोटोग्राफर मंडळींनी त्याला नाव दिलं होतं, 'इंगवले टोन'.

या टोनला नावं ठेवणारं माणूस एकच होतं, त्यांची मुलगी केतकी.

केतकी कॉलेज करता करता लॅबमध्ये बसायला लागली होती. तक्ते मोजणं, कागदांच्या नोंदी ठेवणं हे ती बापापेक्षा नीट करायची. पण शेवटचा हात झाला की तिचा चेहरा उतरायचा.

"अप्पा, हा हिरवट झाला."

"कुठं हिरवट?"

"सगळीकडे. गालावर बघा ना. शेवाळ धरल्यासारखा दिसतोय."

सुरुवातीला ते हसले. मग चिडायला लागले. एकदा तिनं वर्णमापक आणून त्यांच्यासमोर प्रिंट मोजला. हाताआधी करडा बरोबर मध्यावर होता, हातानंतर दोन घरं हिरव्याकडे सरकला होता. तिनं आकडे दाखवले.

"यंत्राला नजर नसते," भालचंद्र म्हणाले.

"पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी प्रिंट उचलून कपाटात ठेवला. तेव्हापासून तिच्यासमोर शेवटचा हात लावायचं त्यांनी बंद केलं.

आठ वर्षांपूर्वी रंगराव चौगुल्यांचं प्रदर्शन ठरलं. चौगुले म्हणजे तालमींचे फोटो काढण्यात आयुष्य घालवलेला माणूस. निवडक चाळीस कृष्णधवल फोटो, मोठे, कापसाच्या कागदावर छापायचे होते. भालचंद्रांनी ते छापले आणि दोन दिवस एका लग्नासाठी गावाला गेले. परत आले तर टेबलावर चाळीस प्रिंटांची दुसरी थप्पी. केतकीनं सगळे फोटो पुन्हा छापले होते, यंत्राच्या प्रोफाइलवर, शेवटच्या हाताशिवाय.

चौगुलेही प्रिंट न्यायला आधीच येऊन बसले होते.

"दोन्ही ठेवा शेजारी," केतकी म्हणाली. "काकांनाच ठरवू दे."

"काका काय ठरवणार?" भालचंद्रांचा आवाज चढला. काउंटरवरची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "शेहेचाळीस वर्षं नजर घासलीय मी. तू मला शिकवणार? तुला जे दिसतं ते कुणालाच दिसत नाही, म्हणजे दोष कुणात आहे? तुझ्या डोळ्यांत दोष आहे, केतकी. तो मान्य कर, आणि रंगाच्या कामाला हात लावू नकोस."

शेहेचाळीस नव्हे, अडतीस वर्षं झाली होती तेव्हा. रागात आकडा चुकला. पण तो दुरुस्त करायलाही कोणी बोललं नाही. चौगुल्यांनी जमिनीकडे बघत भालचंद्रांच्या थप्पीवर हात ठेवला. केतकीनं स्वतःचे प्रिंट गोळा केले आणि ती आत गेली.

त्यानंतर तिनं वाद घातला नाही. वर्षभरात बँकेची परीक्षा दिली, रत्नागिरीला नोकरी लागली, तिथल्याच मंदार सुर्वेशी लग्न केलं. भालचंद्रांना वाटलं, पोरगी रागावून गेली, राग काय आज ना उद्या निवळेल. बोलणं बंद नव्हतं. आई सुनंदाच्या फोनवर "अप्पा बरेत ना?" एवढं ती विचारायची. लॅबचं नाव कधी काढायची नाही.

*

यंदाच्या जानेवारीत लॅबमध्ये दृष्टिमापक आला.

त्याची चर्चा दोन वर्षं चालली होती. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी असतात, ढोबळमानानं तीन जातींच्या. दृष्टिमापक एकेका पेशीवर प्रकाशाचा टिपूस सोडतो. प्रकाश पोचला की पेशी किंचित फुगते, इतकी किंचित की केसाची जाडी त्यापुढं डोंगर वाटावी. ते फुगणं यंत्र टिपतं. दहा मिनिटांत कळतं, की या माणसाच्या कुठल्या पेशी कुठल्या प्रकाशाला किती जाग्या होतात. मग प्रोफाइलच्या हिशेबातला सरासरी माणूस बाजूला काढायचा आणि तिथं हा खराखुरा माणूस बसवायचा. त्याच्यासाठी छापलेला फोटो जगात फक्त त्याच्या डोळ्यांना बिनचूक दिसतो.

पुण्या-मुंबईत याचं वेड लागलं होतं. मोतीबिंदू पिकत आलेल्या आजोबांना पन्नास वर्षांपूर्वीचा हिमालय पुन्हा निळा दिसला की ते रडायचे, आणि तोच फोटो बघून नातवंडं म्हणायची, हा काय भगभगीत निळा! एकाच लग्नाचे दोन फोटो भिंतीवर लागायला लागले, नवऱ्याच्या डोळ्यांचा आणि बायकोच्या. काही घरांत त्यावरून भांडणं झाली. आपण इतकी वर्षं वेगळं बघत होतो हे बऱ्याच जणांना सहन झालं नाही.

यंत्र बसवायला डॉ. नाझिया मुजावर आली होती. तिशीची, हसतमुख, दृष्टिशास्त्रात संशोधन केलेली. यंत्र चालवणाऱ्याचे डोळे आधी मोजावे लागतात, असं तिनं सांगितलं. भालचंद्र हनुवटी टेकून बसले. दहा मिनिटांनी ती यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिली, मग तिनं मोजणी पुन्हा केली.

"सर, वाहन परवान्याच्या वेळी ठिपक्यांची चाचणी झाली होती का तुमची?"

"आमच्या वेळी डॉक्टर नुसती सही करायचे. का?"

तिनं खुर्ची जवळ ओढली. "तुमच्या हिरव्याच्या पेशी थोड्या लालकडे सरकलेल्या आहेत. सौम्य प्रकार आहे. शंभरातल्या पाच पुरुषांत असतो, कित्येकांना आयुष्यभर कळत नाही. रोजच्या जगण्यात काही अडत नाही."

"वयामुळं?"

"नाही सर. जन्मापासून."

"म्हणजे निखळ करडा मला..."

"थोडा तांबूस वाटेल. तुम्हाला बरोबर वाटेल तो इतरांना किंचित हिरवट दिसेल."

समोरच्या भिंतीवर त्यांनी स्वतः छापलेले सहा कृष्णधवल फोटो होते. त्यांनी तिकडे बघितलं. ते त्यांना सुंदरच दिसले. हेच सगळ्यांत वाईट होतं.

"तुम्हाला मुलगी आहे का?" नाझियानं विचारलं.

"का?"

"हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला बापाचा एक्स मिळत नाही, मुलीला हमखास मिळतो. आईचा नेहमीचा एक, बापाचा हा सरकलेला एक. त्यामुळं अशा मुलींच्या डोळ्यांत कधी कधी तीनऐवजी चार जातींच्या पेशी असतात. बहुतेकींना त्याचा उपयोग होत नाही, मेंदू तो फरक वापरत नाही. पण थोड्या जणींना खरंच दिसतो. आपल्याला एक करडा दिसतो तिथं त्यांना दोन-तीन वेगळे दिसतात." ती उत्साहानं बोलत होती. "अशी माणसं आम्ही शोधतोय सर. त्यांच्यासाठी रंगाचं सगळं शास्त्रच नव्यानं लिहावं लागेल."

भालचंद्रांनी पाणी मागितलं.

*

पुढचे चार दिवस ते जुने प्रिंट मोजत बसले. वीस वर्षांचे नमुने कपाटात होते. एकूण एक प्रिंट दोन घरं हिरव्याकडे. आकड्यात कुठं चढउतार नाही. इतकी शिस्तशीर चूक त्यांनी कुणाच्या प्रिंटरमध्येही कधी पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी ते रंगराव चौगुल्यांकडे गेले. चौगुले ऐंशीचे झाले होते, अंगणात ऊन खात बसले होते. भालचंद्रांनी सगळं सांगितलं.

"हिरवट दिसायचे की," चौगुले सहज म्हणाले. "आम्हाला वाटायचं, तुमची स्टाईल हाय. म्हटलं एवढा नावाजलेला माणूस, मुद्दाम करत असणार."

"मग बोलला का नाहीत?"

"नावाजलेल्या माणसाला कोण बोलतंय?" चौगुल्यांनी पाय उन्हात लांब केले. "पोरीचे प्रिंट चांगले होते, भालबा. मी थप्पीवरचा पहिला बघितला होता तुम्ही यायच्या आधी. तीच मला म्हणाली होती, काका, तुम्ही अप्पांना सांगा. मीच म्हटलं, बापापुढं कशाला बोलतीस." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "त्यात माझाबी वाटा हाय, बघा."

घरी आल्यावर भालचंद्रांनी सुनंदाला सांगितलं, मी रत्नागिरीला जातो.

"फोन करा की."

"फोनवर नको."

"मला तुमच्या रंगातलं काही कळत नाही," सुनंदा म्हणाली, "पण लॅबमध्ये भांडण झालं त्या दिवशी जेवायला बसली होती पोरगी, तर ताटातली भाजी बघून मला म्हणाली, आई, ही हिरवीच आहे ना गं? मला चेष्टा वाटली."

*

केतकीचा फ्लॅट थिबा पॅलेसच्या उतारावर होता. रविवार होता, मंदार बाजारात गेला होता. भालचंद्र दृष्टिमापकाची लहान पेटी बरोबर घेऊन आले होते. चहा झाल्यावर त्यांनी न थांबता सगळं सांगितलं. आपला डोळा, दोन घरं, चौगुले, एक्स, चार जाती. शेवटी म्हणाले, "दोष माझ्यात होता. चारचौघांत मी तुझ्यावर ढकलला. माफी मागायला आलोय. आणि लॅब तुझी आहे. तुला हवं तेव्हा ये."

केतकी ऐकून घेत होती. तिच्या चेहऱ्यावर ना राग आला, ना समाधान.

"तुम्हाला वाटलं मी रागावून गेले?" तिनं विचारलं.

"मग?"

"अप्पा, मी ते खरं मानलं होतं. तुम्ही सांगितलंत म्हणून. रंगातलं तुम्हाला कळत नाही असं कसं असेल? मला वाटलं, आपले डोळेच खराब आहेत, आपण इतकी वर्षं सगळ्यांना उगाच त्रास दिला. मग मी ठरवलं, काही वेगळं दिसलं तरी बोलायचं नाही. साडी घेताना मंदारला विचारते. आंबा पिकलाय का, शेजारणीला विचारते. सवय झाली."

भालचंद्रांनी पेटीवर हात ठेवला. "दहा मिनिटं लागतात. एकदा मोजू. म्हणजे कागदावर येईल की तू बरोबर होतीस."

"नको."

"दुखत नाही काही."

"नको म्हटलं ना." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. ती उठून खिडकीशी गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून बोलली. "माई गेल्या तेव्हा तुम्ही आला होता."

माई म्हणजे तिच्या सासूबाई. चार वर्षांपूर्वी स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेल्या. केतकीवर त्यांचा फार जीव होता.

"त्यांना कावीळ दिसायला लागली तेव्हा गणपती होते. डॉक्टर म्हणाले, दोनेक महिने आधी आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं. अप्पा, मला त्यांचा चेहरा जूनमध्येच वेगळा दिसत होता. कानाच्या पाळ्या, कपाळ, सगळीकडं एक पिवळट छटा. मी मंदारला विचारलं, माई बऱ्या दिसतायत ना? तो म्हणाला, छान आहेत की. मग मी गप्प बसले. म्हटलं, आपले डोळे असेच आहेत."

बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं. तो आवाज थांबल्यावर केतकी वळली.

"आजपर्यंत मला असं म्हणता येत होतं, की तो भास होता. तुम्ही यंत्रावर दाखवून दिलंत की मला खरंच दिसतं, तर मग मी काय म्हणू?"

भालचंद्रांनी पेटीवरचा हात काढला. माफी मागितली की आपलं ओझं कमी होईल या हिशेबानं ते आले होते. ते ओझं आता तिच्या अंगावर गेलं होतं, आणि ते परत कसं उचलून घ्यायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

"बहुतेकींना उपयोग होत नाही, असं ती डॉक्टर म्हणाली," ते म्हणाले. "थोड्या जणींनाच दिसतं. तुझं तसं असेलच असं नाही."

"हं," केतकी म्हणाली.

मंदार आल्यावर सगळे जेवले. केतकीनं सुरमई तळली होती. दुपारच्या गाडीला ती त्यांना सोडायला स्टँडवर आली. उन्हात उभं असताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि नजर वळवायची. असं तीनदा झालं. गाडी लागली. भालचंद्र पायरीवर चढले, तेव्हा तिनं त्यांची बाही धरली.

"अप्पा."

"काय गं?"

"घरी गेल्यावर रक्त तपासून घ्या. उद्याच. काविळीसाठी."

"मला काही होत नाही, बाळा."

"माहीत आहे. तरी घ्या."

*

रिपोर्ट मंगळवारी आला. डॉक्टरांनी भालचंद्रांची पापणी खाली ओढून डोळा बघितला, मग कागद बघितला, मग पुन्हा डोळा.

"डोळे अजून पांढरे आहेत तुमचे. कातडीवरही काही दिसत नाही. त्रास नाही, दुखणं नाही. तपासायचं कुणी सुचवलं?"

"मुलीनं."

"डॉक्टर आहे का?"

"बँकेत असते."

रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, एक पूर्णांक दोनच्या आत हवं, ते दोन पूर्णांक एक होतं. सोनोग्राफीत पित्तनळीत खडा दिसला. लहान होता, दुर्बिणीनं निघण्यासारखा. आणखी महिना-दीड महिना गेला असता तर प्रकरण वाढलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याबाहेर सुनंदा पायरीवर बसली. माईंची गोष्ट भालचंद्रांनी तिला सांगितली होती.

"केतकीला काय सांगणार?" तिनं विचारलं.

त्यांनी रिपोर्टची घडी उलगडली.

"सांगा, सगळं ठीक आलंय म्हणून. खडा नंतर सापडला असं पुढच्या महिन्यात सांगू. एवढं एक खोटं बोला हो. पोरगी माईंचं मनाला लावून घेईल. जन्मभर लावून घेईल."

भालचंद्र हातातल्या कागदाकडे बघत उभे राहिले. रिपोर्ट ठीक आला म्हणायचं, म्हणजे तिला दुसऱ्यांदा सांगायचं की तुझ्या डोळ्यांना चुकीचं दिसतं. ती मानेल. पहिल्यांदा मानलं होतं तसं मुकाट्यानं मानेल, आणि पुढं कुणाचाही चेहरा बदललेला दिसला तरी गप्प बसेल. आणि खरं सांगितलं तर तिच्या हातून माई पुन्हा एकदा जातील. दोन्हीतलं काहीही निवडलं तरी मूळ काम आठ वर्षांपूर्वी त्यांनीच, काउंटरवर उभं राहून केलेलं होतं.

त्यांनी फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"आला रिपोर्ट?"

"आला."

"काय?"

"एक पूर्णांक दोन हवं होतं. दोन पूर्णांक एक आलं. नळीत खडा आहे. काढतील. लवकर कळलं म्हणून सोपं आहे, असं म्हणाले डॉक्टर." 'लवकर' हा शब्द तोंडातून गेला आणि तो गिळायला हवा होता हे त्यांच्या लक्षात आलं.

पलीकडून बँकेतली वर्दळ ऐकू येत होती. मग ती बहुधा कुठंतरी आत गेली, कारण आवाज थांबला.

"म्हणजे मला दिसलं होतं," केतकी म्हणाली.

"हो."

"आणि माईंचंही."

त्यांना 'कदाचित' म्हणता आलं असतं. यंत्रावर मोजलेलं तर अजूनही काहीच नव्हतं.

"हो, बाळा," भालचंद्र म्हणाले. "तेही दिसलं होतं तुला. तुझं बोलणं मी बंद केलं होतं."

ती रडायला लागली. भालचंद्र फोन कानाशी धरून सुनंदाशेजारी पायरीवर बसले. माणसं जात-येत होती, त्यांना वाट द्यायला ते थोडे बाजूला सरकले, आणि ऐकत राहिले.